येऊन जा ना, पाचच मिनिटं लागतात

मुंबई-पुण्याकडचा माणूस लहान शहरात बिऱ्हाड हलवायचं ठरवतो तेव्हा सगळ्यात आधी एक्सेल उघडतो. एका रकान्यात इकडचं भाडं, दुसऱ्यात तिकडचं. खाली शाळेची फी, दूध, पेट्रोल, कामाच्या मावशी. शेवटच्या ओळीत जो आकडा उरतो तो पाहून त्याला भरून येतं आणि तो बायकोला हाक मारतो. मीही मारली होती. डोंबिवलीत वन बीएचकेला जे मोजत होतो त्यात नागपुरात मनीषनगरकडे टू बीएचके, वर पार्किंग, वर गॅलरीसमोर कडुनिंब. ऑफिस मुंबईचं, काम घरून. हिशेब चोख होता, आजही आहे. फक्त त्या शीटमध्ये काही रकाने नसतातच. हल्ली "आम्ही पण येऊ का रे तिकडे?" असे फोन वाढल्यामुळे ते रकाने मला तोंडपाठ झालेत.

पहिली गोष्ट, 'लहान शहर' असं नागपुरात मोठ्याने म्हणायचं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त शिक्षक राहतात. सामान चढत असताना मी आपलं बोलायचं म्हणून त्यांना म्हणालो, "काका, मोठ्या शहराचा कंटाळा आला. म्हटलं, जरा लहान शहरात राहून बघू."

"कुठून येऊन राहिले तुम्ही?"

"डोंबिवली."

"२०११च्या जनगणनेत कल्याण आणि डोंबिवली मिळून साडेबारा लाख," काका म्हणाले. "नागपूर चोवीस लाख." दोन पायऱ्या चढले, पुन्हा वळले. "१९५६पर्यंत राजधानी होतो आम्ही. मध्य प्रदेशाची. १९५३चा नागपूर करार माहीत आहे ना?"

मी मान हलवली. विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात व्हावं असं त्या करारात ठरलं, एवढं ऐकून होतो. सरकार त्यासाठी नेमकं डिसेंबरात का येतं, ते मला मे महिन्यात कळलं.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी सगळ्यांनी सांगितलं होतं, पण सांगून कळणारी ती गोष्ट नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो. म्हणजे नऊ दिवस, ज्यांत आधीचे सगळे दिवस सौम्य होते असं वाटायला लागतं. ३० मे २०२४ला इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने उपकरणात बिघाड असल्याचं सांगितलं. आमच्या काकांना ते अजून पटलेलं नाही. "उभ्या आयुष्यात एकदा यंत्र खरं बोललं," ते म्हणतात, "तर त्याला बिघडलेलं ठरवून मोकळे झाले."

म्हणून घर बघताना गॅलरीतून काय दिसतं ते सोडा, कूलरची खिडकी कुठे आहे ते विचारा. नागपुरात कूलर ही वस्तू नसून घरातला एक सभासद आहे. होळी आटोपली की तो माळ्यावरून उतरतो आणि मग घरात दुसरा विषय नसतो. स्टँडचा एक पाय गंजलेला. टाकीच्या तळाशी गेल्या वर्षीचा चुना. पाणी वरून सोडणाऱ्या नळीची भोकं क्षारांनी बुजलेली. ती टाचणीने एकेक करून मोकळी करायची. एकजरी राहिलं, तर ताटीचा, म्हणजे कूलरच्या बाजूला बसवलेल्या वाळ्याच्या पडद्याचा, तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून थेट लू आत येते, नेमकी आपल्या उशीवर. तिन्ही बाजूंना नव्या ताट्या बसवून पंप सुरू केला की वाळ्याचा जो पहिला दमट वास येतो, त्यासाठी मात्र मी डोंबिवलीची संध्याकाळची खारी हवा सोडायला तयार आहे. तिथे तशी ती येतही नव्हती.

कूलर वापरायलाही अक्कल लागते. आमचा मेहुणा ठाण्याचा. एप्रिलमध्ये आला, कूलर लावला आणि एसीच्या सवयीने घराच्या खिडक्या-दारं कडेकोट बंद करून झोपला. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढून गार करतो. ती हवा दुसरीकडून बाहेर पडली नाही, तर खोलीत नुसता दमटपणा साठतो. पहाटे मेहुणा उठला तेव्हा त्याची चादर पिळण्याजोगी झाली होती आणि तो म्हणत होता, "अगदी घरच्यासारखं वाटलं." जूनमध्ये पाऊस पडला की कूलर रुसतो, सगळं चिपचिप होतं. टाकीतलं पाणी बदललं नाही तर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसं टाकीत टॉर्च मारून बघायला येतात. एक्सेलमध्ये हे कुठल्या रकान्यात घालणार?

पण ऊन परवडलं. खरं संकट वेगळंच आहे. मुंबईत अर्धं आयुष्य आपण सबबींवर काढतो, आणि नागपुरात सबबी मिळत नाहीत.

डोंबिवलीत असताना वसईच्या लग्नाला न जाण्यासाठी "वसई!" एवढंच म्हणावं लागायचं. समोरचाच हळहळायचा, "हो रे, कुठे येणार तू एवढ्या लांब." ट्रेन लेट, मेगाब्लॉक, पाऊस, गर्दी. देवाने मुंबईकराला घर छोटं दिलं, पण न जाण्याची कारणं ट्रंका भरून दिली. मी वर्षानुवर्षं सख्ख्या आत्याकडे गेलो नव्हतो, आणि आत्याचं माझ्याविषयी मत उत्तम होतं.

इथे बायकोची मावशी महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहते. तिचं वाक्य ठरलेलं: "येऊन जा ना बाप्पा, पाचच मिनिटं तर लागतात." पाच लागत नाहीत, वीस-पंचवीस लागतात. पण नागपुरात कुठूनही कुठेही जायला पाच मिनिटं लागतात यावर सर्वांचं एकमत आहे आणि बाहेरून आलेल्याने त्यात पडू नये. थोडी आशा होती ती मेट्रोने घालवली. ती २०१९मध्ये सुरू झाली. आता एक मार्गिका उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. म्हणजे चारही दिशांचे नातेवाईक जोडले गेले. मे महिन्यातलं साडेबाराच्या मुहूर्ताचं लग्न "ऊन फार आहे हो" म्हणून चुकवावं, तर उत्तर येतं, "मेट्रोत एसी आहे की. अन् हॉलमध्ये मोठे कूलर लावून राहिलो आम्ही."

गेलं की जेवावं लागतं. पाटवडी रस्सा असतो, वडाभात असतो. "थोडंसंच वाढा" हे ऐकू न येण्याची यजमानांची परंपरा असते. शिवाय डोक्यावर पंचा न बांधता उन्हात आलात, म्हणून सगळ्यांदेखत बोलणी खावी लागतात ती वेगळी.

ऑफिसलाही सबब उरली नाही. नागपूर मुंबईच्या इतकं पूर्वेला आहे की सूर्य इथे सुमारे पंचवीस मिनिटं आधी मावळतो. थंडीत सहाच्या मीटिंगला माझ्या मागे काळोख आणि मुंबईच्या साहेबांच्या खिडकीत अजून उजेड. मी म्हणून पाहिलं, "सर, आमच्याकडे रात्र झाली." साहेब म्हणाले, "वा! म्हणजे तुला आता कुठे जायचं नसेल."

आणि पाहुणे. डोंबिवलीला कधी न फिरकलेली माणसं नोव्हेंबरपासून दाराशी, कारण त्यांना वाघ बघायचा असतो. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आमच्या सोसायटीच्या मागे नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. मंगळवारी ते बंद असतं हेही सांगतो. तरी एक चुलतभाऊ सोमवारच्या रात्रीच्या गाडीने निघतोच. वाघ नाही तर नाही, संत्री तरी द्या, अशी मग त्याची तडजोड असते. आंबिया बहाराची संत्री थंडीच्या सुमाराला येतात, मृगाची त्यानंतर फेब्रुवारी-मार्चकडे. भर उन्हाळ्यात संत्री मागितली तर बर्फीवर समाधान मानावं लागतं.

परवा ठाण्याच्या एका मित्राचा फोन आला. त्याचं एक्सेल पूर्ण झालंय, बायकोला हाक मारून झालीय. फ्लॅटही ऑनलाइन पसंत केलाय: सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेला मोठी काच, 'सनसेट व्ह्यू'. मी म्हटलं, टोकन देऊ नकोस. मे महिन्यात ये, दुपारी तीन वाजता त्या पश्चिमेच्या भिंतीवर आतून हात ठेव, स्लॅबखाली दहा मिनिटं उभा राहा, आणि मग ठरव.

तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "मेमध्ये येतो. संत्री मिळतील ना रे?"