कणा पाचव्या महिन्याची वाट बघत नाही

रात्री पावणेअकराला भाचीचा फोन. नववा आठवडा चालू आहे तिला. आवाज रडवेला. "मावशी, खरं सांग हं. मागच्या महिन्यात ऑफिसात जे झालं त्यात मी रोज रडत होते. बाळाला काही होईल का गं त्याने?" हे डोक्यात आलं कुठून, विचारलं, तर सासूबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. तोच मेसेज मला आठवड्याभरात तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचताच पुसला होता. या वेळी नीट वाचला.

सार असा: पिप्पलाद ऋषींनी गर्भोपनिषदात हजारो वर्षांपूर्वी, सोनोग्राफीशिवाय, गर्भाची महिन्यामहिन्याची वाढ अचूक सांगितली. मुलगा की मुलगी, हे कसं ठरतं तेही सांगितलं. आईचं मन अशांत असेल तर बाळात व्यंग येतं, हे 'आता विज्ञानही मान्य करते'. मग अभिमन्यू, मग कौरव म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, आणि शेवटी 'अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा'.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. हे उपनिषद एवढंसं आहे, चहा निवायच्या आत वाचून होतं. पाठवणाऱ्या दहांपैकी एकानेही ते उघडलेलं नाही, पैज लावा.

आधी तो 'अचूक' हिशोब. एका रात्रीत कलल (चिकट थेंब), सात रात्रींत बुडबुडा, पंधरा दिवसांत पिंड, महिन्यात तो घट्ट होतो. दुसऱ्या महिन्यात डोकं, तिसऱ्यात पाय, चौथ्यात घोटे, पोट, कंबर. पाचव्यात पाठीचा कणा. सहाव्यात तोंड, नाक, डोळे, कान. सातव्यात जीव येतो, आठव्यात सगळं पूर्ण. ऐकायला छान आहे. फक्त खरं नाही. ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी मिटून पूर्ण होते. हृदय बाविसाव्या दिवसाच्या आसपास धडधडू लागतं. डोळ्यांची सुरुवात चौथ्या आठवड्यातली. भाचीने मागच्याच आठवड्यात पडद्यावर ठोके पाहिलेत, नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढून आम्हाला पाठवलाय.

यात कुणाचं काय बिघडतं, असं म्हणाल तर ऐका. मेसेज वाचून विहीणबाई तिला म्हणाल्या, "कणा तर पाचव्यात होतो, आत्तापासून कशाला त्या गोळ्या? उष्ण पडतात." फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. पोरीने चार दिवस घेतल्या नाहीत. ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला सांगतात ती त्या अठ्ठावीस दिवसांसाठीच. ती नळी नीट मिटली नाही तर मणक्यात उघडं व्यंग राहतं, आणि पाळी चुकल्याचं लक्षात येऊन डॉक्टरकडे जाईपर्यंत बहुतेकींचे ते दिवस सरत आलेले असतात. हिचं नशीब की हिने आधीच सुरू केली होती. पाचव्या महिन्याची वाट बघणारी एखादी असेलच की कुठेतरी.

आता ज्याने तिची झोप उडवली ते वाक्य. मूळ शब्द असे: 'व्याकुलितमनसोऽन्धाः खञ्जाः कुब्जा वामना भवन्ति'. मन व्याकुळ असेल तर आंधळी, पांगळी, कुबडी, बुटकी मुलं होतात. मेसेजवाल्याने 'मन' वाचलं आणि शेजारी स्वतःच 'आईचं' लिहून टाकलं. मुळात वाक्याच्या अलीकडे बाप आणि आई दोघांच्या रेताची चर्चा चालू आहे, आई असा शब्द या वाक्यात नाही. पण व्यंग आलं की बोट बाईकडेच वळायचं, ती सवय जुनी आहे.

एकेक घेऊ. आंधळी. 1941 मध्ये सिडनीत नॉर्मन ग्रेग नावाच्या नेत्रतज्ज्ञाकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. आयांशी बोलताना दुवा सापडला: बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. मन नव्हे, विषाणू. आज त्याची लस आहे. बुटकी. बुटकेपणाचा सर्वांत जास्त आढळणारा जन्मजात प्रकार एका जनुकातल्या बदलामुळे होतो. अशा दहांतल्या आठ मुलांचे आईबाप चारचौघांसारख्या उंचीचे असतात. तो बदल नव्याने घडतो, तोही बापाच्या शुक्रपेशीत, आणि बापाचं वय वाढेल तशी शक्यता वाढते. हे सासूबाईंना कोण सांगणार? कित्येकदा तर कारण कुणालाच सापडत नाही. बरं, सतत तीव्र ताण असेल तर बाळाचं वजन कमी भरणं किंवा वेळेआधी प्रसूती होणं, याच्याशी त्याचा संबंध दिसतो, हे मान्य. म्हणून घरच्यांनी तिला सुखात ठेवावं. रडलीस म्हणून बाळ आंधळं होईल, असं घाबरवणं म्हणजे सुखात ठेवणं नव्हे.

मुलगा-मुलगी. बापाचं रेत जास्त तर मुलगा, आईचं जास्त तर मुलगी, समान तर नपुंसक. याला मेसेजवाले 'क्रोमोसोमचं ज्ञान' म्हणतात! एक्स की वाय हे शुक्रपेशीवरून ठरतं, हे 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने अळीच्या पेशी तपासून दाखवलं. जास्त-कमीचा तिथे प्रश्नच येत नाही. एवढं मात्र कबूल करते, नाइलाजाने का होईना: बाईचंही बीज असतं असं हे लोक म्हणत होते, आणि ॲरिस्टॉटल ते मानायला तयार नव्हता. सस्तन प्राण्याचं बीजांड प्रत्यक्ष दिसलं 1827 मध्ये. पण याच विचाराला चिकटून मनुस्मृतीतला 'समरात्री पुत्र, विषमरात्री कन्या' येतो, मुलगा व्हावा म्हणून उजव्या नाकपुडीत घालायचे वैद्य सुश्रुताचे तीन-चार थेंब येतात, आणि ज्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 894 मुली होत्या तिथे हे हौसेने फिरवलं जातं. लिंगनिवडीची जाहिरात हा कायद्याने गुन्हा आहे. फॉरवर्डवाल्यांनी तेही दहा जणांना पाठवावं.

आणि सुश्रुत निघालाच आहे तर. त्याच्या ग्रंथातल्या शारीरस्थान या भागात, गर्भाचा पहिला अवयव कोणता यावर चक्क वाद आहे. शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय. धन्वंतरी सगळ्यांना खोडतो: सगळे अवयव एकदमच होतात, बारीक असल्याने दिसत नाहीत, बांबूच्या कोंबासारखे, कोवळ्या आंब्यासारखे. म्हणजे गर्भोपनिषदाचं डोकं-मग-पाय हे गणित आपल्याच वैद्यांना मान्य नव्हतं. कैरी कापून बघणारी ही माणसं मला आवडतात. तीही चुकली, डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं होतं असंही याच ग्रंथात आहे. पण ती एकमेकांना 'तुझं चूक' म्हणत होती. आपण अंगठ्याचं चिन्ह टाकून मेसेज पुढे ढकलतो.

खरं तर त्या उपनिषदाला शरीरशास्त्र शिकवायचंच नाही. हाडं तीनशे साठ, हृदय आठ पल (पल हे जुनं वजन), जीभ बारा पल. जीभ हृदयापेक्षा जड! (काही नातेवाईक पाहता यावर वाद घालणार नाही.) त्याचा गाभा आहे तो नवव्या महिन्यात: जीवाला मागचे जन्म आठवतात, आणि इथून सुटलो तर ईश्वराला शरण जाईन असं तो ठरवतो. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ गर्भवासाचं वर्णन करतात तेही वैराग्यासाठीच. उपनिषद शेवटी स्वतःला 'मोक्षशास्त्र' म्हणवतं. त्याचा सोनोग्राफीचा रिपोर्ट करणं हा त्याचाही अपमानच.

कौरव: मांसाचा गोळा, त्याचे एकशे एक तुकडे, तुपाचे कुंड. तुपात गर्भ वाढत नाही, पुढे चला. टेस्ट ट्यूबचा अभिमानच हवा असेल तर कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आठवा. 3 ऑक्टोबर 1978 ला त्यांच्या प्रयत्नातून मुलगी जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब मुलीनंतर सत्तरच दिवसांनी. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्यावरचा फॉरवर्ड मला आजवर आलेला नाही.

राहिला अभिमन्यू. द्रोणपर्वात तो युधिष्ठिराला एवढंच सांगतो की व्यूह फोडायची युक्ती वडिलांनी शिकवली आहे, बाहेर पडायची नाही. पोटात ऐकल्याचं तिथे अक्षर नाही. पोटातल्या बाळाला आवाज कळतो हे मात्र खरं आहे, साधारण सहाव्या महिन्यापासून, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. व्यूहरचना कळत नाही.

भाचीला हेच सांगितलं. सहावा लागला की बोल त्याच्याशी हवं ते. आत्ता त्याला काही ऐकू येत नाहीये, तुझं रडणंही नाही. गोळी घे आणि झोप.