‘७९ टक्के वाचवणारं औषध दाबून ठेवलं’: या मजकुरातलं एकेक वाक्य तपासू या

कुटुंबाच्या ग्रुपवर पुन्हा तो मजकूर आला. सारांश असा: ‘कोरोनावर श्वासातून घ्यायचं एक औषध २०२० मध्येच सापडलं होतं. त्यानं ७९ टक्के रुग्ण वाचत होते. औषध कंपन्यांनी ते दाबलं. आता तेच औषध व्हेंटिलेटरवरच्या माणसांवर तपासणार आणि निम्म्यांना मुद्दाम खोटं औषध देणार. सरळ फुफ्फुसात जाणारं औषध काम करणारच, त्याची कसली परीक्षा? नेब्युलायझर घरी आणून ठेवा.’

मी अतिदक्षता विभागात काम करतो. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या लाटेत ज्यांनी घरचं माणूस गमावलं, त्यांना ‘औषध होतं, पण दिलं नाही’ हे वाक्य किती लागत असेल! म्हणूनच सविस्तर लिहितोय.

औषध खरं आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या सिनएर्जेन कंपनीचं एसएनजी००१, म्हणजे वाफाऱ्यासारखं ओढायचं इंटरफेरॉन बीटा. विषाणू शिरलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करायला इंटरफेरॉन सोडते. कोरोनाचा विषाणू नेमकी ही हाकाटी दाबतो. मग तेच इंटरफेरॉन बाहेरून फुफ्फुसात पोचवावं, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच आहे.

‘७९ टक्के रुग्ण वाचत होते.’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. २० जुलै २०२० ला कंपनीनं जाहीर केलं ते असं: औषध घेतलेल्यांत आजार गंभीर होण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७९ टक्क्यांनी कमी दिसला. चाचणीत रुग्ण होते १०१, म्हणजे एका बाजूला जेमतेम पन्नास. मृत्यू झाले तीन, तिन्ही औषध न मिळालेल्या गटात. इतक्या लहान संख्येत दोनचार रुग्णांचं इकडचं तिकडे झालं की टक्केवारी पार बदलते. कंपनीच्या त्याच निवेदनात या आकड्याची शक्यतेची मर्यादाही दिली होती: धोक्यातली घट ९६ टक्के असू शकते, किंवा फक्त ३ टक्के. मजकूर लिहिणाऱ्यानं ७९ उचलला आणि ३ सोडून दिला. या चाचणीनं एवढंच सांगितलं, की मोठी चाचणी करायला हवी.

‘कंपन्यांनी दाबलं.’ मोठी चाचणी झाली. तिचं नाव स्प्रिंटर. अनेक देशांतले, रुग्णालयात दाखल होऊन ऑक्सिजन लागलेले ६२३ रुग्ण तिच्यात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल आला. घरी जायला लागलेल्या दिवसांच्या क्रमानं रुग्ण लावले तर बरोबर मधला रुग्ण औषधाच्या गटात ७ दिवसांनी घरी गेला, दुसऱ्या गटात ८ दिवसांनी. आणि हा फरक योगायोगानंही पडू शकेल इतका छोटा. आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, हे १४.४ टक्क्यांच्या जागी १०.७ टक्के दिसलं, पण तेही ठामपणे म्हणता येईल असं नव्हतं. कंपनीनं हा निकाल स्वतः जाहीर केला, नंतर तो वैद्यकीय नियतकालिकातही छापून आला, आणि जाहीर झाला त्याच दिवशी तिचा शेअर कोसळला. दाबायचंच असतं तर कंपनीनं स्वतःच्या फायद्यासाठी हा निकाल दाबला असता.

पहिल्या चाचणीचा निकाल आला त्याच सुमारास जगही बदलत होतं. १६ जून २०२० ला ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड उपयोगी असल्याचं दाखवलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी झाले. ते औषध काही दिवसांत जगभर पोचलं, कारण त्या चाचणीत रुग्ण सहा हजारांवर होते आणि उत्तर स्वच्छ होतं.

‘निम्म्यांना खोटं औषध.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. अशा चाचणीत ऑक्सिजन, स्टेरॉइड, व्हेंटिलेटर हे सगळं दोन्ही गटांना मिळतं. नवं औषध त्याच्यावर जोडलं जातं. दुसऱ्या गटाला त्याजागी निष्क्रिय द्रव. तो गट ‘वंचित’ राहिला असं वाटायला आधी औषध चांगलं आहे हे ठाऊक हवं. हेच इंटरफेरॉन इंजेक्शनमधून रेमडेसिविरच्या जोडीनं देऊन अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं तपासलं. आधीच जास्त प्रवाहाच्या ऑक्सिजनवर असलेल्यांची प्रकृती औषधाच्या गटात अधिक बिघडली. त्या रुग्णांपैकी ज्यांना निष्क्रिय औषध मिळालं, ते तुलनेनं सुदैवी ठरले. हे आधी कुणाला कळणार होतं?

आणि आपल्याकडचा प्लाझ्मा आठवा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव रुग्णाला देणं. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या विभागाच्या दाराशी मुलगे, जावई रात्री दोन वाजता उभे असायचे, एका पिशवीसाठी शहरातल्या सगळ्या रक्तपेढ्या पालथ्या घालून आलेले. आयसीएमआरनं ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी आधीच केली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ती छापून आली होती. आजार बळावणं किंवा मृत्यू: प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८. उत्तर हातात असूनही मे २०२१ पर्यंत प्लाझ्मा आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत राहिला. त्या रात्री ज्या मुलांनी वडिलांजवळ बसायच्या ऐवजी रस्त्यावर काढल्या, त्यांचं मला अजून वाईट वाटतं. चाचणी न ऐकण्याची किंमत ही अशी असते.

‘सरळ फुफ्फुसात जातं, मग काम करणारच.’ औषध हवेबरोबर जातं, आणि हवा जाते ती उघड्या भागात. गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियात वायुकोश पाण्यानं, पुवानं भरलेले किंवा मिटलेले असतात. जिथे आजार सर्वाधिक, तिथेच फवारा कमी पोचतो. व्हेंटिलेटरवर तर आणखी अडचणी: लांब नळ्या, घशातली ट्यूब, हवा दमट करणारं यंत्र. थेंब मोठा असला तर तो वाटेतच चिकटतो. खोल जायला तो साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. शिवाय वेळ. इंटरफेरॉन ही सुरुवातीची हाकाटी आहे. रुग्ण व्हेंटिलेटरवर येतो तोवर बरेचदा विषाणूपेक्षा शरीराचा दाहच जास्त नुकसान करत असतो. व्हेंटिलेटरवरच्या, कोरोनाशिवाय इतर विषाणूंनीही आजारी पडलेल्या रुग्णांत हे औषध आता तपासायचं ठरलं आहे ते यासाठीच. स्प्रिंटरमध्ये असे रुग्ण नव्हतेच. तिथलं उत्तर कुणाकडेही नाही, माझ्याकडे नाही आणि मजकूर लिहिणाऱ्याकडे तर मुळीच नाही.

‘नेब्युलायझर घरी आणा.’ एप्रिल २०२१ मध्ये फरीदाबादच्या एका डॉक्टरांचा व्हिडिओ असाच फिरला होता: औषध न घालताही नेब्युलायझर ऑक्सिजन सिलिंडरचं काम करतो. त्यांच्याच रुग्णालयाला खुलासा करावा लागला. घरचा नेब्युलायझर खोलीतलीच हवा ढकलतो, आणि तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच असतो, खिडकी उघडल्यावर मिळतो तेवढाच. दम्याच्या रुग्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध देण्यासाठी तो उत्तम आहे. पण ताप आलेल्या माणसाला धाप लागली, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवू लागला, तर नेब्युलायझरच्या घरघरीत तासभर घालवू नका. गाडी काढा आणि दवाखाना गाठा.