मशीन का विकलं नाही, त्याचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आम्ही 500 रुपये व्हिजिट चार्ज घेतला, घर पाहिलं आणि शेवटी फ्युएल सेल, म्हणजे पाइप गॅसमधून वीज आणि गरम पाणी देणारं मशीन, बसवूच नका म्हणून सांगितलं. वर आमच्या मुलाने तुमच्या वडिलांना 'तुमच्या बजेटमधलं नाही हे' असं सुनावलं.

आधी शेवटच्या गोष्टीबद्दल. तो तसं बोलला, मला त्याने कबूल केलं. फार वाईट वाटलं. काकांची मी घरी येऊन माफी मागतो, कधी येऊ ते कळवा. व्हिजिट चार्जचंही तुमचं बरोबर आहे, फोनवरच सांगायला हवं होतं. 500 रुपये परत पाठवतोय.

पण मशीन विकलं नाही, त्याबद्दल मात्र मी ठाम आहे.

जपानमध्ये घरांत बसवतात ते या प्रकारचं मशीन साधारण 700 वॉटचं. ते दिवसरात्र चालवायचं असतं. म्हणजे दिवसाला जवळजवळ 17 युनिट वीज, आणि जोडीला सुमारे 200 लिटर कडकडीत गरम पाणी. तुमचं बिल मी पाहिलं, दिवसाला 7 युनिट. आंघोळीला चार-पाच बादल्या. जपानात थंडी मोठी, टबभर गरम पाण्यात बसायची रोजची सवय, तिथे ती उष्णता खपते. आपल्याकडे एप्रिलमध्ये टाकीतलंच पाणी चटके देतं. गरम पाणी वाया गेलं की या मशीनचा अर्धा फायदा गेला. उरते ती वीज, आणि एक एससीएम (पाइप गॅस मोजायचं घनमीटरचं माप) गॅसमधून ती साधारण 5 युनिटच निघते. पाइप गॅसच्या दराला 5 ने भागा आणि तुमच्या लाइट बिलातल्या युनिटच्या दराशी ताडून बघा. पूर्ण क्षमतेने चालवलं तर महिन्याला 100 एससीएमच्या आसपास गॅस लागेल. स्वयंपाकाला 12-15 पुरतो.

तुम्हाला ते लाइट गेल्यावर चालू करायचं होतं. तिथेच मी थांबलो. आत 700 अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि थंड मशीन तिथवर यायला काही तास जातात. घाईने तापवलं-निववलं तर आतल्या सिरॅमिकच्या पातळ प्लेटा तडकतात. कुंभार आवा निवल्याशिवाय उघडत नाही, तसंच हे. रोज चालू-बंद केलं असतं तर थोड्याच दिवसांत तुम्ही मला फोन केला असता, आणि तो राग रास्त असता.

काकांनी आमच्या काउंटरवरची तशीच एक प्लेट हातात घेऊन विचारलं होतं, 'एवढ्या पापडातून वीज येते कुठून?' त्याचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही, ते इथे देतो. त्या प्लेटच्या मधल्या थरात झिर्कोनिया हा सिरॅमिक पदार्थ असतो. खूप तापला की त्यातून हवेतला ऑक्सिजन आयन (विद्युतभार असलेला कण) होऊन पलीकडे सरकतो आणि गॅसमधून निघालेल्या हायड्रोजनला भेटतो. इलेक्ट्रॉनना मात्र त्या थरातून वाट नाही, ते बाहेरच्या तारेने फिरून जातात. तीच वीज. ही वीज व्हायला जाळ लागत नाही. गॅसला मुद्दाम घातलेला वास गंधकाचा असतो, तो आतल्या निकेलला मारक, म्हणून आधी फिल्टर लावावा लागतो. मेंटेनन्सचा खर्च मी सांगितला तो यासाठीच, घाबरवायला नाही.

पंचवटीतल्या एखाद्या लॉजला मी हे आनंदाने सुचवेन. तिथे पहाटे 4 पासून, बारा महिने गरम पाणी लागतं आणि दिवे रात्रभर चालू असतात. तुमच्या गच्चीवर मात्र दक्षिणेचं ऊन मोकळं आहे. सोलर हीटर आणि एक चांगला इन्व्हर्टर पुरेल. आमच्याकडूनच घ्या असं नाही.

आमच्याकडे डेमोत घाईने निववलेली एक प्लेट आहे, कडेपासून मधोमध केसाएवढी चीर गेलेली. काकांसाठी ती काउंटरखाली काढून ठेवली आहे. येतील तेव्हा चहा घेऊन निवांत दाखवतो.