ऑर्डर लावली म्हणजे क्लस्टर मार्गी लागला असं नाही

पेसमेकर म्हणजे अनेक सर्व्हरवर (नोडवर) डेटाबेस, फाइलसिस्टिम यांसारखे घटक (रिसोर्स) सांभाळणारं आणि एक नोड पडला की ते दुसऱ्यावर उचलणारं सॉफ्टवेअर. त्याचा क्लस्टर उभारणाऱ्याला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच: ‘ऑर्डर कन्स्ट्रेंट (क्रमाचा नियम) लिहा, सगळे रिसोर्स एकाच नोडवर, हव्या त्या क्रमाने उठतील. तरीही ॲप्लिकेशनला डेटाबेस तयार मिळत नसेल तर स्टार्ट स्क्रिप्टमध्ये ३० सेकंदांचा स्लीप टाका. आणि एक रिसोर्स रीस्टार्ट झाला की त्याच्यावरचे सगळे रीस्टार्ट होतात, ते नको असेल तर सिमेट्रिकल (थांबवताना उलटा क्रम पाळायचा पर्याय) फॉल्स करा.’ यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळू नये. दुसरी तर सरळ घातक आहे.

आधी ‘एकाच नोडवर’ हे. ऑर्डर फक्त ‘आधी कोण, मग कोण’ एवढंच सांगते. कुठे, ते सांगत नाही. पेसमेकर मुळात रिसोर्स नोड्सवर वाटून टाकतो. त्यामुळे फाइलसिस्टिम एका नोडवर माउंट झाली आणि डेटाबेस दुसऱ्याच नोडवर सुरू व्हायला गेला, तरी ऑर्डर पाळली गेलेलीच असते. जागा ठरवायला कोलोकेशन (कोण कुणासोबत एकाच नोडवर, हा नियम) वेगळं लिहावं लागतं. रिसोर्सचा ग्रुप केला तर क्रम आणि जागा दोन्ही एकदम मिळतात, पण मग मधला एक सदस्य उठला नाही की त्याच्या पुढचे सगळे अडकतात. एकमेकांशी संबंध नसलेले रिसोर्स सोयीसाठी एका ग्रुपमध्ये कोंबू नका.

डीआरबीडी (एका नोडवरच्या डिस्कची प्रत दुसऱ्या नोडवर ठेवणारी यंत्रणा) असेल तर आणखी एक खाच आहे. ‘आधी डीआरबीडी स्टार्ट, मग फाइलसिस्टिम स्टार्ट’ एवढं पुरत नाही. स्टार्ट झालेला डीआरबीडी अजून सेकंडरीच (दुय्यम प्रतच) असतो, त्यावर माउंट होणार नाही. ऑर्डर ‘आधी डीआरबीडी प्रमोट (मुख्य प्रत करणं), मग फाइलसिस्टिम स्टार्ट’ अशी हवी, आणि कोलोकेशनही प्रमोट झालेल्या इन्स्टन्सशीच.

आता स्लीप. क्रॅशनंतर डेटाबेसला लॉग रीप्ले करायला (नोंदींवरून डेटा पूर्ववत करायला) किती वेळ लागेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कधी ५ सेकंद, कधी कित्येक मिनिटं. लवकर उठला तर प्रत्येक फेलओव्हरला (सेवा दुसऱ्या नोडवर जाताना) उरलेले सेकंद फुकट डाउनटाइम, उशिरा उठला तर स्लीप असून नसल्यासारखा. याहून वाईट पुढे आहे. स्टार्टसारख्या ऑपरेशनला टाइमआउट दिलेला नसेल तर पेसमेकर २० सेकंदच वाट पाहतो. म्हणजे ३० सेकंदांच्या स्लीपमुळे स्टार्टच फेल होतो. स्टार्ट-फेल्युअर-इज-फेटल ही सेटिंग मुळात ट्रू असल्यामुळे तो नोड त्या रिसोर्ससाठी लगेच बाद होतो, दुसऱ्या नोडवर तीच स्क्रिप्ट तशीच फेल होते, आणि दोन नोडच्या क्लस्टरमध्ये सेवा पूर्ण बंद. डेटाबेसला काहीही झालेलं नसताना! उपाय डेटाबेसच्या एजंटमध्ये (पेसमेकरसाठी रिसोर्स सुरू-बंद करणाऱ्या, तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) आहे: सेवा खरोखर कनेक्शन घेऊ लागेपर्यंत स्टार्टने यश कळवायचं नाही, मॉनिटर पुन्हा पुन्हा चालवत राहायचं, आणि स्टार्टचा टाइमआउट सर्वात लांब रिकव्हरीला पुरेल एवढा ठेवायचा. हे झालं की पुढची ऑर्डर आपोआप खरी ठरते.

सिमेट्रिकल बंद करण्यामागचा त्रास मला मान्य आहे. खालचा रिसोर्स रीस्टार्ट झाला की वरचे सगळे खाली येतात, हे खुपतंच. पण तो पर्याय काढला की थांबवतानाचा उलटा क्रमही जातो. डेटाबेस लिहीत असताना फाइलसिस्टिम अनमाउंट व्हायला लागते. फाइलसिस्टिमचा एजंट ती वापरणाऱ्या प्रोसेस मारायला जातो, तरी अनमाउंट नाही झालं तर स्टॉप फेल, आणि फेन्सिंग (बिघडलेला नोड सक्तीने बंद किंवा वेगळा करणं) चालू असेल तर अख्खा नोडच फेन्स होतो. जिथे अवलंबित्व खरं आहे तिथे रीस्टार्ट सोसावाच लागेल. जिथे केवळ ‘शक्यतो आधी हा’ एवढंच म्हणायचं आहे तिथे ऑर्डरचा काइंड (प्रकार) ऑप्शनल ठेवा: दोन्ही कृती एकाच ट्रान्झिशनमध्ये (पेसमेकरने एका वेळी आखलेल्या बदलांच्या संचात) आल्या तरच क्रम पाळला जातो, एरवी कुणी कुणाला ओढत नाही. क्लोन (एकाच वेळी अनेक नोडवर चालणारे रिसोर्स) असतील तर इंटरलीव्ह ट्रू करायला विसरू नका, नाहीतर एका नोडवरच्या इन्स्टन्ससाठी सगळे नोड ताटकळतात.

आणि बदल थेट चालू क्लस्टरवर करण्याआधी सीआयबीची (क्लस्टरची रचना आणि स्थिती जिथे लिहिलेली असते त्या फाइलची) प्रत घेऊन सीआरएम सिम्युलेट ही पेसमेकरची चाचणी-कमांड चालवा. एखादा रिसोर्स फेल झाल्याचं त्यात घालून पाहता येतं. कोण आधी थांबेल आणि कोण कुठे उठेल, ते तिथेच ओळीने दिसतं.