वक्ते पुष्कळ आहेत, कार्यकर्ते पाहिजेत

परवा पुण्याच्या एका मित्राने विचारलं, "तुमच्या कोल्हापूरच्या पायथन ग्रुपात किती जण झाले रे?" म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर चारशे, खुर्चीवर अकरा. तो हसला. मला त्या अकरांचंच कौतुक आहे. (पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि ग्रुप ती शिकणाऱ्या-वापरणाऱ्यांचा.)

हे खूळ डोक्यात शिरलं २०११ मध्ये. पायकॉन इंडिया, म्हणजे पायथनवाल्यांची देशभरची परिषद, २००९ साली बेंगळुरूत सुरू झाली आणि तिसऱ्या वर्षी पुण्यात आली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. सकाळी नोंदणीच्या टेबलावर ज्याने माझ्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं, तोच दुपारी माइकवर बोलायला उभा! पगार कुणालाच नाही, सगळे घरचं खाऊन आलेले. मनात आलं, हे तर आपल्या पेठेतल्या मंडळासारखंच आहे.

पण कोल्हापुरात आम्ही सुरुवातच चुकवली. एका कॉलेजने हॉल दिला, एवढ्यावर आम्ही खूश. तिथे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन मान्यवरांची मनोगतं, आणि हजेरी लागणार म्हणून आणून बसवलेली दोनशे पोरं. कोड दाखवायला वीस मिनिटं उरली. पुढच्या महिन्यात त्या दोनशेतला एकही फिरकला नाही, आणि का फिरकावं?

मग टी-शर्टचा मोह. हॅक्टोबरफेस्टचं, म्हणजे ऑक्टोबरात खुल्या (ओपन सोर्स) प्रोजेक्टांना हातभार लावायच्या उपक्रमाचं, २०२० साली काय झालं ते या धंद्यातल्यांना आठवत असेल. चार पुल रिक्वेस्ट (दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेले बदल) पाठवा, टी-शर्ट मिळवा. लोकांनी भलत्याच प्रोजेक्टांच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, एखादी फालतू ओळ घालून पाठवायचा धडाका लावला. प्रोजेक्ट सांभाळणारे इतके वैतागले की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टाने आपणहून होकार दिलाय, तिथलीच रिक्वेस्ट धरायची. आपली बरीच पोरं त्या गर्दीत होती, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. स्टिकर आणि पिशव्या वाटून गर्दी जमवायचा उद्योग मीही केलाय. पिशव्या संपल्या, गर्दी संपली.

ग्रुप खरा जुळला तो एसटीमुळे. गडहिंग्लजचा एक डिप्लोमाचा पोरगा दर वेळी चर्चा रंगात आली की उठून जायचा. आम्हाला वाटायचं, कंटाळला. एकदा विचारलं तर म्हणाला, "दादा, शेवटची गाडी चुकली तर स्टँडवरच झोपायला लागतंय." दोन वर्षं शनिवारी संध्याकाळी जमत होतो आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं! तेव्हापासून तिसरा रविवार, सकाळी दहा. आता इचलकरंजी, जयसिंगपूर, कागलकडूनही लोक येतात.

दुसरा बदल भाषेचा. इंग्रजीत टॉक असला की शेवटी "एनी क्वेश्चन्स?"ला स्मशानशांतता. एकदा प्रोजेक्टर बिघडला, म्हणून मी पायथनमधला डेकोरेटर (तयार कोडला हात न लावता त्यात भर घालायची सोय) म्हणजे काय ते फळ्यावर मराठीत सांगितलं. फंक्शन, रॅपर, रिटर्न हे शब्द तसेच, बाकी आपली बोली. त्या दिवशी प्रश्नच थांबेनात, आणि निम्म्यांची उत्तरं मला येत नव्हती. चांगलं वाटलं. (प्रोजेक्टर अजून बिघडलेलाच आहे. तो वेगळा विषय.)

आता माझी खरी तक्रार. "दादा, मला टॉक द्यायचाय" असे मेसेज महिन्याला पाच येतात. "दादा, मी लवकर येऊन खुर्च्या लावतो" असा वर्षात एक आला. टॉक दिल्यावर लिंक्डइनवर फोटो टाकता येतो, खुर्च्यांचा कोण टाकणार? आमच्या तालमीत नवीन पोरगं आधी हौद्यातली माती उकरतं, कुस्ती मागनं. इथे सगळ्यांना थेट फडावर उतरायचंय. आणि जी चार पोरं माती उकरतात, त्यांना पुण्या-बेंगळुरूची ऑफर येते. जायलाच पाहिजे, त्यांना कशाला अडवायचं? पण जाताना हॉलच्या रखवालदाराचा नंबर, चहावाल्याचा हिशेब आणि ग्रुपचे पासवर्ड एकाच्याच डोक्यात असले तर तो गेला की ग्रुपही गेला. आमचा एकदा असाच चार महिने बंद पडला होता. हॉलची किल्ली माझ्याकडे, आणि मी लग्नाच्या गडबडीत. लग्न माझंच होतं, पण किल्ली दुसऱ्याकडे द्यायला काय झालं होतं?

तर या रविवारी वक्ता ठरलाय, विषय ठरलाय. साडेनऊला येऊन हॉल उघडणारा एक जण पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डही घेऊन या, आमचा मागच्या वेळी जळला.