मामांची अर्धी टाकी

कुंभार्ली घाटात रात्री साडेनऊला मामांची गाडी पेट्रोल संपून बंद पडली. टाकी फुल का नाही केलीत, विचारलं तर म्हणाले, "अरे, उन्हाळ्यात फुल केली की स्फोट होतो. ग्रुपवर आलंय, इंडियन ऑइलचंच पत्र आहे." भाचा, म्हणजे मी, चौदा वर्षं पेट्रोल पंपावर शिफ्ट सांभाळतोय, त्याला विचारायचं सुचलं नाही.

तो मेसेज मागवून घेतला. चार मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले.

स्फोटाचं आधी. ज्या इंडियन ऑइलचं नाव लावून हे फिरतंय, त्याच कंपनीने जाहीर खुलासा केलाय: गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरा, उन्हाळा असो की हिवाळा, काही होत नाही. पेट्रोल आपोआप पेटायला 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. चिपळूणच्या मे महिन्यात जीव नकोसा होतो, पण एवढाही नाही. पेट्रोल तापून फुगतं हे खरं, एका अंशाला लिटरमागे साधारण एक मिली. तेवढी जागा टाकीत मुळातच सोडलेली असते. हां, नोझल 'टक' करून बंद झाल्यावरही "अजून पन्नासचं बसव" म्हणत गळ्यापर्यंत भरून घेणारे असतात, ते चूकच. वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जातं आणि गाडी गॅरेजला. पण म्हणून अर्धीच टाकी?

"पहाटे पेट्रोल घट्ट असतं, तेव्हाच भरा, जास्त मिळतं." आमच्या टाक्या जमिनीखाली, तिथलं तापमान दिवसभरात जेमतेम हलतं. अंशभर फरक धरला तरी दहा लिटरमागे दोन चमचे. त्यासाठी पाचला उठायचं असेल तर खुशाल उठा.

"शंभरऐवजी 110 चं भरा, गोल रकमेला मशीन कमी देतं." 2017 मध्ये लखनौच्या पंपांवर मशीनमध्ये कमी पेट्रोल सोडणाऱ्या चिपा सापडल्या, चोरी होते हे नाकारत नाही. पण चिप 110 मधूनही चोरतेच. संशय असेल तर पाच लिटरचं माप मागा आणि भरून बघा.

आता जो मुद्दा मला खरा डाचला: "पंपाची टाकी कोणी बघत नाही. टँकर उभा असेल तर तिथून निघा, गाळ येतो." अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. टँकर खाली होताना तळ ढवळतो. म्हणून तेवढा वेळ त्या टाकीची विक्री आम्ही बंद ठेवतो; शिवाय पेट्रोल ओढणारा पाइप तळापासून वर असतो आणि पुढे फिल्टर. टँकर उतरवण्याआधी घनता चलानवरच्या आकड्याशी ताडतो, फरक घनमीटरला 3 किलोच्या वर गेला की तो उतरवायचाच नाही.

गाळापेक्षा आम्हाला धास्ती पाण्याची. टाकीच्या तोंडाशी जो खड्डा असतो त्यात पाऊस साचतो, आणि झाकणाचं रबर चिरलेलं असलं की पाणी सरळ आत. पूर्वी ते तळाशी निमूट पडून असायचं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. ते इंजिनात गेलं की गाडी ढकलतच न्यायची. म्हणून रबर मे महिन्यातच बदलायचं, चिरायची वाट बघायची नाही. रोज सकाळी डिप रॉडच्या, म्हणजे टाकी मोजायच्या काठीच्या, टोकाला पाणी लागलं की लाल होणारी पेस्ट फासून ती टाकीत सोडायची. पेस्टही इथेनॉलवाल्या पेट्रोलची हवी, जुन्या डबीला नीट कळत नाही. मागच्या जुलैत आमच्याकडे रॉड वर आला तो बोटभर लाल. दुपारपर्यंत गिऱ्हाईकं शिव्या घालत परत गेली, पण त्या टाकीचं नोझल कोणी उचललं नाही.

टँकर दिसला म्हणून पळण्यापेक्षा पावसाळ्यात पंपावर विचारा, आज डिप घेतली का? घनता किती आली? नोंद वहीत असते, आणि घनता तुमच्यासमोर मोजून मागता येते. फिल्टर पेपरही मागा, एक थेंब टाकायचा, सुकल्यावर डाग राहिला की भांडा. मामांनी ते परवा केलं. डाग नव्हता.