सुई टोचून मोकळे

घरच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. पुण्यातली 14 वर्षांची मांजर, दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आलेली, डॉक्टरांनी दयामरणाचा पर्याय सांगितलेला. त्यावर एका काकांनी लिहिलं, "तिकडे सुई टोचून मोकळे होतात. आपल्यात असं करत नाहीत. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

"तिकडे" म्हणजे इंग्लंड, आणि "मोकळे होणारे" म्हणजे इथे येऊन राहिलेले आम्ही. किडनीचं दुखणं असलेलं मांजर ज्या घरात सांभाळलं जातं तिथे कुणीच मोकळं नसतं, लेस्टरमध्ये नाही आणि सदाशिव पेठेतही नाही. त्या शेवटच्या सुईआधी शेकडो सुया टोचून झालेल्या असतात. त्यांच्याबद्दल ग्रुपवर कुणी अवाक्षर काढलं नाही.

रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा) वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडाचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग गेलेला असतो. खुणा त्याआधीच घरात दिसतात: पाण्याचं भांडं लवकर रिकामं होतं, ट्रेमधले लघवीचे ओले गोळे मोठे होतात, पाठीचा कणा हाताला लागतो. क्रिएटिनिन 2.9 ते 5 मिलिग्रॅम (डेसीलिटरमागे) म्हणजे आजाराचा तिसरा टप्पा, त्यापुढे चौथा. इकडच्या, म्हणजे इंग्लंडच्या, रिपोर्टमध्ये आकडा मायक्रोमोलमध्ये (लिटरमागे) येतो. पुण्याच्या रिपोर्टशी ताडायचा तर 88.4 ने भागावा. नाहीतर 300 वाचून पुण्यातले घाबरतात आणि 3.4 वाचून इकडचे निर्धास्त राहतात. आजार तोच, तेवढाच.

मग घरी सलाईन. त्वचेखाली द्यायचं ते रिंगर लॅक्टेट. पुण्यात दुकानदाराला आरएल म्हटलं की कळतं, इकडे हार्टमन म्हणतात. डेक्स्ट्रोजचं नको, त्याने कातडीखाली जळजळ होते आणि गळू होण्याचीही भीती असते. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण 100 मिली, रोज की दिवसाआड हे डॉक्टर ठरवतात. पिशवी 10 मिनिटं गरम पाण्यात ठेवून कोमट करायची आणि थेंब मनगटावर टाकून बघायचा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, पाणी सगळीकडे सारखं तापत नाही. नळीतली हवा काढून टाकायची, पिशवी दाराच्या हुकाला उंच टांगायची. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखा आकार होतो. त्याच्या पायथ्याशी, पाठीला समांतर, 18 किंवा 20 गेजची नवी सुई. 20 ची बारीक असते, टोचते कमी, पण धार हळू येते आणि तेवढा वेळ मांजर बसत नाही.

थेंब थांबले तर सुईचं टोक आतून कातडीला टेकलेलं असतं. सुई जरा फिरवली की धार सुरू होते. केस ओले झाले तर सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली आहे. नंतर पाणी पुढच्या पायात उतरतं आणि पाय सुजल्यासारखा दिसतो, त्याला घाबरू नये. पण दुसऱ्या दिवशीही फुगवटा जिरला नसेल तर पुढची मात्रा देऊ नये. गाढ झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या वर गेला तर हृदयाला पाणी झेपत नाही असं समजून सलाईन थांबवायचं आणि लगेच फोन करायचा.

खाण्याची लढाई याहून अवघड. मळमळणाऱ्या मांजराच्या तोंडात सिरिंजने अन्न कोंबलं की ते त्या अन्नाचाच तिटकारा घेतं. म्हणून आधी मळमळीवर मॅरोपिटंट, मग भूक लागावी म्हणून कानाच्या आतल्या बाजूला मिर्टाझपिनचं मलम (हातमोजे घालून, नाहीतर ते आपल्या कातडीतून जातं). दोन-तीन दिवस पोटात काही नसेल तर यकृतात चरबी साचू लागते आणि एका आजाराचे दोन होतात. मान ताठ राहत नसेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासावं. बाहुल्या एकाएकी मोठ्या होऊन मांजर भिंतीला धडकू लागलं तर रक्तदाबाने डोळ्याचा पडदा सुटला असण्याची शक्यता असते, तासही घालवू नये. माणसांच्या डब्यातली पॅरासिटॅमॉल चुकूनही देऊ नये. एक गोळी जीव घ्यायला पुरते.

हे महिनोन्‌महिने चालतं. याला मोकळं होणं म्हणतात का?

"आपोआप जाऊ दे" म्हणणाऱ्यांना ते आपोआप जाणं कसं असतं ते एकदा सांगायला हवं. शेवटच्या टप्प्यात तोंडात व्रण पडतात, श्वासाला अमोनियाचा वास येतो, अंग गार पडतं, स्नायू फडफडतात, झटके येऊ शकतात. हे दिवसेंदिवस चालू शकतं. "झोपेत गेली" हे बहुधा त्या घरातलं वाक्य असतं जिथे रात्री जागायला कुणी नव्हतं. मांजर ओरडत नाही, ते पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसतं. गुरगुरतं म्हणून सुखात आहे असंही नाही, वेदनेतही गुरगुरतं. कान बाजूला वळलेले, डोळे अर्धे मिटलेले, मिशा ताठ: हे वाचता आलं पाहिजे. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक पट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या प्रत्येकाला 10 पैकी गुण. बेरीज 35 च्या खाली राहू लागली की विचार करावा. कॅलेंडरवर रोज रात्री गुण लिहावेत, कारण एका चांगल्या सकाळीने मन फसतं.

आणि "आपल्यात" करत नाहीत? 1928 मध्ये साबरमती आश्रमात गांधीजींनी तळमळणाऱ्या वासराला डॉक्टरांकडून इंजेक्शन देववलं. संतापाची पत्रं आली, पण ही अहिंसाच आहे असं त्यांनी लिहून सांगितलं. जनावरांची सेवाही आपल्याकडे जुनी आहे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. मग काशीचं सोनंच तेवढं का आठवतं?

इकडे सगळं शुद्ध आहे असं मी म्हणत नाही. इन्शुरन्स नसलेल्या घरात उपचार परवडत नाहीत म्हणूनही सुई दिली जाते, आणि तिथे काकांचा शब्द बोचतो. मांजराच्या बाबतीत हा देश अर्ध्या तासात निर्णय घेतो. माणसाच्या बाबतीत, मरणासन्न रुग्णांना इच्छामरणाची मुभा देणाऱ्या विधेयकावर, 20 जून 2025 ला खासदार 314 विरुद्ध 291 असे दुभंगले.

तो शब्द आम्हाला एवढा का लागतो, हेही सांगून टाकतो. आजाऱ्याच्या उशाशी बसणं ही आपली रीत. आमच्यातल्या कितीतरी जणांनी आईवडिलांचं शेवटचं आजारपण स्क्रीनवर पाहिलं, उशाशी दुसरंच कुणी होतं. "मोकळे झाले" हे आमच्याबद्दल पूर्वीही बोललं गेलं आहे, तेव्हा मांजराचा विषय नव्हता. म्हणून इथे आम्ही मांजराच्या सलाईनची वेळ पाच मिनिटंही चुकू देत नाही.

ज्या घराचा निर्णय झाला असेल त्यांनी डॉक्टरांना आधी गुंगीचं इंजेक्शन मागावं आणि ते पूर्ण चढेपर्यंत थांबायला सांगावं. मग पुढच्या पायाचे केस कापून शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा: इकडे पेंटोबार्बिटल, आपल्याकडे थायोपेंटोन वापरतात. शुद्धीत असताना नुसतं पोटॅशियम (हृदय थांबवणारं) देणारा डॉक्टर असेल तर उठून यावं. या आजारात शीर बारीक झालेली असते, सापडायला वेळ लागतो. गुंगी असेल तर तो वेळ मांजराला जड जात नाही. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास दिसतो, लघवी होते; ते परत येणं नव्हे. खाली जुनी साडी किंवा पंचा घालून ठेवावा.

गंगाजल द्यायचं असेल तर गुंगीच्या आधी. नंतर गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. चमचा नको, बोट ओलं करून हिरडीवर फिरवलं की पुरे.